फोडणीच्या अलीकडे

ताजं आणि शिळं यांतला भेद मराठी घरात मुलांना अक्षरओळखीच्या आधी कळतो. सकाळचा भात रात्री पानात आला तर फोडणी लेवून येतो, रात्रीची पोळी सकाळी कुस्कऱ्याच्या रूपात येते. प्रहर उलटून गेलेलं अन्न तामसी लोकांना आवडतं, असं भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितलं आहे; ज्यांनी गीता कधी उघडली नाही त्यांच्याही स्वयंपाकघरात हा नियम चालत आला. ही शिस्त अंगात मुरलेली माणसं ब्रिटनमध्ये राहायला गेली आणि तिथे महिन्याभरापूर्वी शिजवलेली उसळ जेवू लागली. ती उसळ कशी करायची, कुठल्या टप्प्यावर थांबवायची, कशी गोठवायची आणि पानात येताना ती चांगली कशी लागेल, हा या पुस्तकाचा विषय आहे.

शिळ्याला नाक मुरडणाऱ्या याच संस्कृतीने साठवणीचं मोठं शास्त्र उभं केलं, ही गोष्ट आपण सहज विसरतो. कोकणात मृगाआधी आगोटीची बेगमी होते: कांद्याच्या माळा, सुके बोंबील आणि सोडे, कुळीथ, आमसुलं, फणसाची साठं. देशावर उन्हाळ्यात गच्च्यांवर कुरडया, सांडगे, पापड, शेवया वाळत पडतात. श्रावणात शिळासप्तमीला तर चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशी रांधलेलं खायचं, असा चक्क विधी आहे. या सगळ्या साठवणीचा पाया एकच. अन्न बिघडवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला पाणी लागतं. वाळवणात ते उन्हाने काढून टाकतात, लोणच्यात मीठ आणि मुरांब्यात साखर ते बांधून ठेवते. फ्रीझर तेच पाणी जागच्या जागी घट्ट करून टाकतो. उणे 18 अंशांवर जिवाणू मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते. म्हणून ओट्यावर रात्रभर राहिलेली आमटी आणि फ्रीझरात महिनाभर राहिलेली आमटी यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे. मला फ्रीझर बेगमीच्या परंपरेतलं पुढचं पाऊल वाटतो, आणि या पुस्तकाचा सूरही तोच आहे.

फ्रीझरची स्वतःची कथा थोडक्यात सांगायला हवी. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन माणूस विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आज कॅनडात असलेल्या लॅब्राडोरला राहत होता. तिथले इन्युइट लोक पकडलेला मासा बोचऱ्या वाऱ्यात क्षणार्धात गोठवतात आणि तो महिन्यांनंतरही ताज्यासारखा लागतो, हे त्याने पाहिलं. मासा झटकन गोठला तर त्यात बर्फाचे स्फटिक बारीक बनतात आणि पेशी फाटत नाहीत. संथपणे गोठला तर मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळताना सगळा रस बाहेर पडतो. या निरीक्षणावर त्याने 1920च्या दशकात धंदा उभा केला. ब्रिटनमध्ये त्याच्या नावाच्या कंपनीने 1955 साली फिश फिंगर बाजारात आणल्या आणि गोठवलेलं अन्न सामान्य घरात शिरलं. मात्र घरच्या घरी अन्न गोठवण्याची सुरुवात शेतकरी कुटुंबांतून झाली. बागेतले वाटाणे, बेरी एकदम पिकायच्या, घरचं डुक्कर किंवा मेंढरू कापलं जायचं. ते सगळं ठेवायला पेटीसारखा मोठा फ्रीझर आला.

शहरांत ही लाट 1970च्या दशकात पोचली. 1968 साली बीजॅम आणि 1970 साली वेल्सच्या सीमेवरच्या ऑस्वेस्ट्रीत आइसलंड, अशी फक्त गोठवलेल्या मालाची दुकानं निघाली. घरात फ्रीझर असलेल्या बाईला आता अर्धं मेंढरू एकदम विकत घेता येत होतं. मेरी बेरींसारख्या लेखिकांनी त्या काळात फ्रीझरसाठी पाककृतींची पुस्तकं लिहिली. पुढे मार्क्स अँड स्पेन्सरने 1979 साली चिकन किएव्ह विकायला आणलं, शीतकपाटातल्या तयार जेवणाचं युग सुरू झालं, 1980च्या दशकात मायक्रोवेव्ह घरोघरी गेला आणि घरी करून गोठवण्याची चाल मागे पडली. या तयार जेवणाच्या व्यापाराशी आपलंही नातं आहे. मुंबईत जन्मलेल्या गुलाम नून यांनी साउथॉलमध्ये कारखाना काढून सुपरमार्केटांना गोठवलेली आणि थंड करून ठेवलेली भारतीय जेवणं पुरवली. ब्रिटिश माणसाच्या घरी टिक्का मसाला पोचला त्यात या मुंबईकराचा मोठा वाटा आहे. तिथल्या मराठी घराला मात्र त्या डब्यांचा उपयोग नव्हता. त्या डब्यांत सगळं होतं, पण गोडा मसाला, आमसूल आणि चिमूटभर गूळ यांची आमटी नव्हती.

ती आमटी घरीच करावी लागली. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ 1932 सालापासून आहे. पण ब्रिटनमधली मराठी घरं खऱ्या अर्थाने वाढली ती 1960 आणि 70च्या दशकांत, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आलेल्या डॉक्टरांमुळे. हे डॉक्टर लंडनपुरते राहिले नाहीत. वेल्सच्या खाणगावांत, लँकेशायरच्या गिरणगावांत, स्कॉटलंडच्या छोट्या इस्पितळांत त्यांच्या नेमणुका झाल्या. तिथे कोथिंबिरीची जुडीही मिळत नसे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे परदेशी निघालेल्या बायकांना ते फार उपयोगी पडलं. त्यातली मापं तीच राहिली, पण कृती करण्याचं वेळापत्रक बदललं. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडला किंवा वेम्ब्लीच्या ईलिंग रोडला महिन्यातून एकदा गाडी काढून जायचं, मेथी, अळू, ओला नारळ, शेवग्याच्या शेंगा आणायच्या आणि दोन दिवस निवडून, चिरून, शिजवून सगळं गोठवायचं. युगांडातून 1972 साली आलेल्या गुजराती कुटुंबांकडून बऱ्याच जणींनी ही पद्धत उचलली. गॅरेजमधला पेटीफ्रीझर ही कल्पनाही त्यांच्याकडूनच घेतली. आज ईलिंग रोडवरच्या दुकानात खवलेला नारळ, चिरलेली मेथी, सोललेले वाल गोठवलेल्या पाकिटांत मिळतात. त्या पिढीने हे सगळं हाताने केलं.

त्यानंतर संगणक क्षेत्रातली मंडळी आली, हाउन्स्लो, स्लाउ, रेडिंगमध्ये वसली. 2021 साली शिक्षणानंतर काम करण्याची मुभा पुन्हा मिळाल्यावर विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. भाड्याच्या घरात पाच जणांत मिळून एक फ्रीझर आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक कप्पा, अशी त्यांची परिस्थिती. म्हणून या पुस्तकाला गॅरेजमधल्या पेटीचाही विचार करावा लागला आणि त्या एका कप्प्याचाही.

आता या विषयातल्या पद्धतींकडे येऊ. इंग्रजी पुस्तकांत त्यांची बरीच भांडणं चालतात. अमेरिकेत 1980च्या दशकात महिन्यातून एकदाच स्वयंपाक करण्याची चळवळ निघाली: एका दिवसात तीस रात्रींची जेवणं. ब्रिटनमध्ये सुझान मलहॉलंड यांनी ‘द बॅच लेडी’ या नावाने 2020 साली पुस्तक काढलं. त्यांचा भर एकाच बैठकीत अनेक पदार्थ उरकण्यावर आणि काही पदार्थ न शिजवताच, मसाल्यासकट पिशवीत भरून गोठवण्यावर आहे. तिसरी वाट सगळ्यांत सोपी: रोजचाच स्वयंपाक दुप्पट करायचा आणि अर्धा ठेवायचा. या तिन्ही पद्धतींनी इंग्रजी स्ट्यू किंवा पाय उत्तम निभतात. मराठी स्वयंपाक निभत नाही, किंवा अर्धामुर्धा निभतो, कारण तो थरांनी बनतो आणि शेवटचा थर क्षणाचा असतो. मोहरी तडतडते, हिंग फुलतो, कढीपत्ता चुरचुरतो. हा सगळा वास उडून जाणाऱ्या तेलांचा आहे. तो महिनाभर डब्यात कोंडून ठेवला तर हाती लागतो फक्त तेलकटपणा. हिंगाचा दरवळ फिका पडतो आणि लसणाला उग्र चव येते. गोठवलेल्या आमटीबद्दल लोकांची जी तक्रार असते ती बहुधा एवढीच असते.

उपायही तितकाच साधा आहे. फोडणीच्या अलीकडे थांबायचं. वरण शिजवून, घोटून, हळद-मीठ घालून गोठवावं. आमटी आमसूल-गुळापर्यंत न्यावी आणि डबा मिटावा. जेवायच्या वेळी ते गरम होत असताना शेजारच्या कढल्यात दोन मिनिटांत ताजी फोडणी करून वर ओतावी. पान वाढताना घरभर फोडणीचा वास असतो, आणि ज्यांना शिळ्याचा तिटकारा आहे तीही माणसं मुकाट्याने दुसऱ्यांदा मागतात. या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक कृती या एका विचारावर उभी आहे. प्रत्येक पदार्थाची थांबायची जागा कुठली, ती इथे शोधून सांगितली आहे.

वाटणाचं उदाहरण जरा जवळून पाहू. शनिवारी सकाळी दोन किलो कांदे उभे चिरून मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतायचे. सुकं खोबरं वेगळं भाजायचं. ते भाजताना धूर होतो आणि छतावरची आगसूचक घंटा वाजते, म्हणून फेब्रुवारीतही खिडकी उघडी ठेवावी लागते. धणे, तीळ, खसखस, मिरच्या भाजून घ्यायच्या. सगळं गार झाल्यावर पाणी कमीत कमी घालून वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं. दुसऱ्या दिवशी वड्या घट्ट झाल्या की पिशवीत काढून ठेवायच्या. पाणी कमी घालण्याला कारण आहे: पाणी जितकं जास्त तितके बर्फाचे स्फटिक मोठे, आणि वितळल्यावर वाटण फुटलेलं दिसतं. अशा चार वड्या आणि डब्यातले मोड आलेले, एक मिनिट उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेले मूग किंवा मटकी असली की कामावरून आल्यावर अर्ध्या तासात उसळ होते. तीच वाटणाची वडी अंड्याच्या रश्श्याला, मटणाला, भरल्या वांग्यालाही चालते. आख्खी जेवणं गोठवण्यापेक्षा हे वाटण गोठवणं मला दसपट उपयोगाचं वाटतं, कारण त्यात रोज काय खायचं याचं स्वातंत्र्य हातात राहतं.

काही पदार्थ तर जणू यासाठीच जन्मले आहेत. कोथिंबीर वडी आणि अळूवडी उकडून, कापून गोठवाव्यात आणि थेट फ्रीझरातून तव्यावर टाकाव्यात. पुरणात साखर-गूळ भरपूर असल्याने ते कधी दगड होत नाही, चमच्याने काढता येतं. उकडीचे मोदक हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. तिथे गणेशचतुर्थीला सुट्टी नसते, म्हणून आदल्या रविवारी मोदक करून ठेवायचे असतात. शिजलेल्या तांदळाच्या पिठातला स्टार्च थंडाव्यात कडक होतो, आणि हे कडक होणं फ्रीजच्या तापमानाला सर्वांत वेगाने घडतं. त्यामुळे मोदक फ्रीजमध्ये ठेवले तर पारी चामट होऊन तडकते. फ्रीझरात मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते. गोठलेले मोदक न वितळवता थेट वाफेवर ठेवले तर पारी पुन्हा मऊ होते. नैवेद्याला गोठवलेला मोदक चालतो का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घराच्या रीतीप्रमाणे सोडवावा. बऱ्याच घरांत नैवेद्याचे तेवढे ताजे करून पाहुण्यांचे फ्रीझरातून काढतात.

उलट, काही पदार्थांच्या नादी लागू नये. कढी फाटते. नारळाच्या दुधाची सोलकढी फुटते, कारण स्फटिक त्यातलं स्निग्ध आणि पाणी वेगळं करतात. रश्श्यातले बटाटे भुसभुशीत होतात. पिठल्याला दहा मिनिटं लागतात, त्यासाठी फ्रीझरातली जागा अडवण्यात अर्थ नाही. बांगड्याच्या कुळातला मासा कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर उत्तम मिळतो, पण त्यातलं तेल थंडाव्यातही खवट होत जातं, म्हणून त्याचं तिखलं दोन-तीन महिन्यांत संपवावं. गोठवलेली सुरमई विकत आणून वितळवली तर कच्ची पुन्हा गोठवू नये. तिचं कालवण करून ते एकदा गोठवायला हरकत नाही.

भाताबद्दल मला ठासून सांगायचं आहे, कारण आपण भात खाणारी माणसं आहोत आणि या बाबतीत आपण निष्काळजी असतो. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही नाहीसं होत नाही. म्हणून ब्रिटनची अन्नसुरक्षा संस्था सांगते की भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि चोवीस तासांत खावा. बाकीच्या पदार्थांना गार व्हायला तास-दोन तासांची मुभा आहे. फ्रीजचं तापमान 5 अंशांच्या आत, फ्रीझरचं उणे 18, आणि गरम करताना मधल्या भागापर्यंत 70 अंश दोन मिनिटं, हे आकडे पाठ असावेत. दहा जणांची आमटी पातेल्यासकट झाकून ठेवली तर रात्रीपर्यंत गार होत नाही. ती परातीत पसरावी, परात थंड पाण्यात ठेवावी. पिशवीत भरताना आडवी, बोटभर जाडीची करून गोठवली तर लवकर गोठते, लवकर वितळते आणि पुस्तकांसारखी उभी रचता येते. भाड्याच्या घरातल्या जुन्या फ्रीझरवरचे तारे आधी मोजावेत: चार तारे असतील तरच त्यात ताजं अन्न गोठवता येतं, एक-दोन ताऱ्यांचा कप्पा आधीच गोठवलेलं अन्न थोडे दिवस ठेवण्यापुरताच.

हे सगळं आज कशासाठी, याला पैशाचं एक कारण आहे. मार्च 2023 मध्ये ब्रिटनमधली अन्नधान्याची महागाई वर्षभरात 19 टक्क्यांच्या वर गेली होती. त्यानंतर किमती चढण्याचा वेग मंदावला, किमती खाली आल्या नाहीत. ब्रिटिश घरांतून वर्षाला सुमारे 60 लाख टन अन्न वाया जातं, त्यात अर्धी वापरून सडलेली कोथिंबीर आणि विसरलेलं दही आपलंही असतं. पण मला याहून महत्त्वाची वाटतात ती माणसं. पहिल्या पिढीतले डॉक्टर आता सत्तरी-ऐंशी ओलांडून बसले आहेत, मुलं दुसऱ्या शहरात, जोडीदार असेलच असं नाही. एका माणसासाठी रोज कुकर लावणं जिवावर येतं आणि मग टोस्टवर भागवलं जातं. अशा घरात हाताला लागतील एवढ्या उंचीवर, मोठ्या अक्षरात नाव लिहिलेल्या एक-एक वाटीच्या डब्यांनी फ्रीझर भरून देणं, ही फार मोठी सेवा आहे. दुसरीकडे, बाळंतपणाला भारतातून आलेली आई. पाहुण्याच्या व्हिसावर तिला जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. दुधाचे पदार्थ तिला सोबत आणता येत नाहीत, म्हणून खवा तिथेच आटवते, तूप तिथेच कढवते, आणि परतीच्या आधी पंधरवडाभर ती मुलीचा फ्रीझर भरत असते. तिच्या हातचं वाटण, तिच्या हातची पुरणं, डब्यांवर तिच्या अक्षरातली तारीख. त्या मुलीला विचारा, गोठवलेलं अन्न शिळं असतं का.

इथे एक सावधगिरीचा शब्द. फ्रीझर श्रम कमी करत नाही, फक्त त्यांची वेळ बदलतो. आठवड्याची सगळी धग रविवारी एकट्या बाईवर आली आणि उरलेल्या घराने फक्त डबे उघडले, तर काहीच साधलं नाही. या पद्धतीचा खरा फायदा असा की काम आधीपासून दिसतं, त्यामुळे ते वाटता येतं. कांदे चिरणं, डाळी भिजवणं, पिशव्यांवर तारखा घालणं, डबे रचणं ही नवऱ्याची आणि मुलांचीही कामं आहेत. या पुस्तकात प्रत्येक मोठ्या बैठकीच्या कामाची विभागणी दोन-तीन माणसांत करून दाखवली आहे, याचं मला विशेष कौतुक वाटतं. मराठी पाककृतींच्या पुस्तकांना एकट्या गृहिणीला उद्देशून लिहायची जुनी सवय आहे. ती इथे जाणीवपूर्वक मोडली आहे.

हे पुस्तक मराठी स्वयंपाकाचा कोश नाही. गोठवून चांगले लागतात तेवढेच पदार्थ इथे घेतले आहेत, आणि जे फसतात त्यांची कारणं दिली आहेत, कारण कारण कळलं की वाचकाला आपल्या घरच्या वेगळ्या पदार्थाचीही थांबायची जागा शोधता येते. कोल्हापूरचा तांबडा रस्सा, खानदेशी शेवभाजी, मालवणी कालवण, नागपुरी सावजी यांची वाटणं वेगळी आहेत, म्हणून त्यांचे नियमही थोडे वेगळे. ते फरक इथे मिटवलेले नाहीत. मापं वाटीचीही आहेत आणि ग्रॅमचीही, कारण तिथे जन्मलेल्या मुलांना घरची वाटी केवढी असते ते माहीत नसतं.

नवख्या वाचकाने पानं ओळीने वाचावीत असं नाही. एकटं राहणाऱ्या विद्यार्थ्याने वरण आणि मोड आलेल्या कडधान्यांपासून सुरुवात करावी. एका कप्प्यात दोन्ही मावतात. कुटुंब असेल तर आधी वाटण. आणि पहिली पिशवी भरण्याआधी दोन-चार पौंडांचा एक थर्मामीटर आणून आपला फ्रीझर खरोखर उणे 18 अंशांपर्यंत जातो का, हे रात्रभर ठेवून पाहावं.